कोलोरॅडो पठारावरील भारवाहू शेळ्यांसह पदभ्रमण

भारवाहू शेळ्यांसह पदभ्रमण हा दुर्गम प्रदेशात पायी प्रवास करण्याचा एक प्रकार आहे. यात तंबू, शिधा, पाणी आणि इतर सामान शेळ्यांच्या पाठीवर लादले जाते व माणसे त्यांच्यासोबत चालतात. शेळीवर कोणी स्वार होत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात हा प्रकार १९७० च्या दशकापासून रूढ झाला. युटा, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांत पसरलेल्या कोलोरॅडो पठारावरील वाळवंटी निदऱ्यांमध्ये शेळी विशेष उपयुक्त ठरते. खडकाळ उतारांवरची तिची चाल, झुडपांवर गुजराण करण्याची क्षमता आणि माणसामागे दोराविना चालण्याची सवय ही त्याची मुख्य कारणे होत. मात्र याच निदऱ्यांमध्ये वाळवंटी बिगहॉर्न ही जंगली मेंढी राहते. पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून तिला होऊ शकणाऱ्या रोगांमुळे अनेक ठिकाणी भारवाहू शेळ्यांवर निर्बंध आले आहेत.

## इतिहास

शेळी हा माणसाने सर्वांत आधी पाळलेल्या प्राण्यांपैकी एक आहे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी आजच्या इराणमधील झाग्रोस पर्वताच्या परिसरात रानशेळ्यांपासून पाळीव शेळ्या तयार झाल्या. दूध, मांस, कातडी आणि केस यांसाठी शेळी जगभर पाळली गेली. भारतात तिला 'गरिबाची गाय' म्हटले जाते. ओझे वाहण्यासाठी मात्र तिचा उपयोग मोजक्याच प्रदेशांत झाला.

अशा प्रदेशांत हिमालय महत्त्वाचा आहे. उत्तराखंडातील भोटिया व्यापारी आणि नेपाळच्या हुमला, डोल्पो या भागांतील लोक शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या लादून तिबेटमधून मीठ व लोकर आणत आणि दक्षिणेकडील धान्य तिकडे नेत. घोडा किंवा याक जाऊ शकत नाही अशा अरुंद वाटांवरून हे कळप जात आणि वाटेत चरत असल्याने त्यांच्यासाठी वेगळा चारा न्यावा लागत नसे. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर उत्तराखंडाच्या सीमेवरील हा व्यापार थांबला. या पद्धतीत जनावरांची संख्या मोठी आणि प्रत्येकावरील ओझे थोडे असे. अमेरिकेतील आधुनिक पद्धतीत याउलट दोन ते दहा मोठ्या शेळ्यांचा छोटा जथा असतो व प्रत्येकीवर नीट बसवलेले पालाण असते.

कोलोरॅडो पठाराला शेळी नवी नाही. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते याच्या नेतृत्वाखाली आलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांनी मेंढ्या व शेळ्या आजच्या न्यू मेक्सिकोत आणल्या. पुढे नवाहो लोकांच्या जीवनात पशुपालनाला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि त्यांच्या कळपांत आजही मेंढ्यांबरोबर शेळ्या दिसतात. या शेळ्या दूध, मांस व मोहेर यांसाठी पाळल्या जात. ओझ्यासाठी घोडे, खेचरे आणि गाढवे वापरली जात.

शेळ्यांकडून सामान वाहून घेण्याच्या आधुनिक पद्धतीचे श्रेय सामान्यतः वायोमिंगमधील वन्यजीव अभ्यासक जॉन मिऑन्चिन्स्की यांना दिले जाते. १९७० च्या दशकात ते बिगहॉर्न मेंढ्यांचा मागोवा घेत होते. मेंढ्यांच्या गळ्यातील रेडिओ पट्ट्यांचे संकेत टिपणारी उपकरणे घेऊन त्यांना उंच कड्यांवर जावे लागे. घोड्यांना अशा ठिकाणी जाता येत नसल्याने त्यांनी हे सामान शेळ्यांवर लादून पाहिले. या अनुभवावर आधारित त्यांचे 'द पॅक गोट' हे पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हा छंद पश्चिमेकडील राज्यांत पसरला. पुढे शेळीपालक पदभ्रमंतांनी 'नॉर्थ अमेरिकन पॅकगोट असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. बिगहॉर्नच्या अभ्यासातून निघालेली ही पद्धत आज बिगहॉर्नच्याच संरक्षणासाठी अनेक क्षेत्रांतून बाहेर ठेवली जात आहे.

## प्रदेशाचे स्वरूप

कोलोरॅडो पठाराचे क्षेत्रफळ सुमारे ३,३७,००० चौरस किलोमीटर आहे. कोलोरॅडो नदी आणि ग्रीन, सॅन हुआन, एस्कलान्टे, डर्टी डेव्हिल या तिच्या उपनद्यांनी वालुकाश्माच्या आडव्या थरांत खोल निदऱ्या कोरल्या आहेत. मऊ थर झिजून उतार तयार होतात, तर विंगेट किंवा नवाहो यांसारखे कठीण वालुकाश्म उभ्या कड्यांच्या किंवा गुळगुळीत घुमटांच्या रूपाने उरतात. मुख्य निदऱ्यांना मिळणाऱ्या काही घळई इतक्या अरुंद असतात की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात.

पठाराच्या सखल भागांत वर्षाला २५ सेंटिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. उन्हाळ्यात निदऱ्यांच्या तळाशी तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, तर हिवाळ्यात रात्री पाणी गोठते. बारमाही प्रवाह थोडे आहेत. पदभ्रमंतांना बऱ्याचदा खडकातील खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यावर किंवा कड्यांच्या पायथ्याशी पाझरणाऱ्या झऱ्यांवर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे प्रत्येक दिवसाचे पाणी पाठीवर वाहणे हाच या प्रदेशातील पायी प्रवासातील सर्वांत मोठा भार ठरतो. चार लिटर पाण्याचे वजन चार किलोग्रॅम असते आणि उन्हात चालणाऱ्या एका माणसाला साधारण तेवढे पाणी एका दिवसात लागते. अनेक दिवसांच्या प्रवासात भारवाहू जनावराची गरज मुख्यतः यातून निर्माण होते.

## शेळीची अनुकूलता

### खूर व चाल

शेळीच्या खुराची बाहेरची कड कठीण असते आणि आतला तळवा तुलनेने मऊ व रबरासारखा असतो. कड खडकाच्या खाचेत रुतते, तर तळवा उतारावर घट्ट टेकतो. खुराचे दोन भाग वेगवेगळे हलू शकत असल्याने उंचसखल जागीही पकड मिळते. त्यामुळे घोडा घसरण्याची भीती असलेल्या वालुकाश्मावरून शेळी सहज चालते. शेळीला सामान्यतः नालही ठोकावे लागत नाहीत. पायऱ्यांसारख्या खडकांवर ती उड्या मारत चढते. मात्र पाठीवर ओझे असताना उंच उडी घेऊ दिल्यास सांध्यांना इजा होऊ शकते. उभे कोरडे धबधबे किंवा दोर लावून उतरण्याच्या जागा शेळ्यांना पार करता येत नाहीत, म्हणून मार्ग ठरवताना अशा जागा टाळल्या जातात.

### चारा

घोडा व गाढव प्रामुख्याने गवत खातात, तर शेळी झुडपांची पाने, कोवळे शेंडे व साल खाणे पसंत करते. वाळवंटी निदऱ्यांमध्ये गवत विरळ असले तरी सॉल्टबुश, क्लिफरोझ, माउंटन महोगनी, गॅम्बेल ओक यांसारखी झुडपे आढळतात. चालता चालता थोडे थोडे खात गेल्यामुळे शेळीचा बराचसा चारा वाटेतच भागतो. ती रवंथ करणारी असल्याने मुक्कामी बसून तो पचवते. तरीही अतिशय ओसाड टप्प्यांसाठी काही पालक अल्फाल्फाच्या गोळ्या सोबत नेतात.

### पाणी

शेळीला उंटाखालोखाल वाळवंटी जनावर मानण्याची प्रथा आहे, परंतु याबाबतीत जातीजातींत मोठा फरक असतो. सिनाई व नेगेव वाळवंटांतील बदाउनी लोकांच्या काळ्या शेळ्या दोन ते चार दिवसांतून एकदाच पाणी पितात. शरीराचे वजन पाव भागाने घटले तरी त्या तग धरतात आणि पाणी मिळताच रवंथिकेत मोठा साठा करून घेतात. अमेरिकेत ओझ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक शेळ्या मात्र आल्प्स पर्वतातील दुधाळ जातींच्या वंशातील आहेत. त्यांना बदाउनी शेळ्यांचे मोजमाप लावता येत नाही. प्रौढ शेळीला हवामान, श्रम व चाऱ्यातील ओलावा यांनुसार दिवसाला साधारण ४ ते ११ लिटर पाणी लागते. म्हणून या निदऱ्यांमधील शेळ्यांचा प्रवास एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत आखला जातो. शिवाय अनेक शेळ्या गढूळ किंवा अनोळखी चवीचे पाणी पिण्यास नाखूष असतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

## निवड आणि प्रशिक्षण

ओझ्यासाठी बहुधा खच्ची केलेले बोकड वापरले जातात. ते मादीपेक्षा उंच व ताकदवान होतात आणि माजावर येणाऱ्या बोकडाचा उग्र वास किंवा आक्रमकपणा त्यांच्यात नसतो. अल्पाइन, सानेन, टोगनबर्ग, ओबरहासली, लामांचा आणि न्युबियन या दुधाळ जाती व त्यांचे संकर लोकप्रिय आहेत. बोअर या मांसल जातीशी केलेले संकर रुंद बांध्याचे असतात, पण उष्णतेत लवकर थकतात असे अनेक पालकांचे मत आहे. लांब पाय, सरळ पाठ, खोल छाती आणि मजबूत गुडघे ही चांगल्या भारवाहू शेळीची लक्षणे मानली जातात. काही जण दुभत्या शेळ्याही सोबत नेतात. त्यामुळे मुक्कामी ताजे दूध मिळते.

बहुतेक पालक करडांना जन्मापासून बाटलीने दूध पाजतात. अशी करडे माणसाला आपल्या कळपाचा भाग मानतात आणि मोठेपणी त्याच्या मागोमाग चालतात. कळपात शेळ्यांची स्वतःची उतरंड असते. पुढे कोण चालणार, कोणाच्या मागे कोण, हे त्या आपसांत ठरवतात आणि तो क्रम मोडला तर ढुशा देतात. पालकाने या उतरंडीत वरचे स्थान मिळवणे प्रशिक्षणाचा गाभा समजला जातो. शेळ्यांना पाण्यात पाय घालायला आवडत नाही, त्यामुळे ओढे ओलांडण्याची सवय त्यांना लहानपणीच लावावी लागते.

पहिल्या वर्षी करडू रिकाम्या पाठीने किंवा हलक्या पिशवीसह केवळ फिरायला नेले जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओझे हळूहळू वाढवले जाते. हाडे व सांधे पक्के होण्यास साधारण चार वर्षे लागत असल्याने पूर्ण ओझे त्यानंतरच लादले जाते. निरोगी प्रौढ शेळी आपल्या वजनाच्या २० ते ३० टक्के ओझे वाहू शकते. ८० ते १०० किलोग्रॅम वजनाच्या बोकडाच्या बाबतीत हे प्रमाण १६ ते ३० किलोग्रॅम होते. उष्ण वाळवंटात व खडतर चढावर ते खालच्या मर्यादेजवळ ठेवले जाते.

## साज आणि ओझे

शेळीच्या पालाणाची रचना खेचराच्या पालाणासारखीच, पण लहान असते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन लाकडी फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या फुलीच्या आकाराच्या दोन दांड्या असा त्याचा सांगाडा असतो; हलकेपणासाठी तो अ‍ॅल्युमिनियमचाही करतात. भार कण्यावर न येता बरगड्यांवर दोन्ही बाजूंना विभागला जावा, हा या रचनेचा उद्देश आहे. पालाणाखाली जाड गादी घालतात. ते जागेवर राहावे म्हणून पोटाखालून तंग आवळतात. चढावर पालाण मागे आणि उतारावर पुढे सरकू नये यासाठी अनुक्रमे छातीपट्टा आणि पुठ्ठ्यावरचा पट्टा बांधतात.

पालाणाच्या दोन्ही बाजूंना कापडी पडशा अडकवल्या जातात. दोन्हींचे वजन जवळजवळ सारखे असणे अत्यावश्यक असते. अर्ध्या किलोचाही फरक पालाण एका बाजूला ओढतो आणि त्यातून पाठीला जखमा होतात. म्हणून पालक लहान काटा सोबत ठेवतात व पाणी वापरले जाईल तसे दोन्ही बाजू पुन्हा जुळवून घेतात. अरुंद घळईत बाहेर आलेल्या पडशा भिंतींना घासतात. अशा जागी पालाण उतरवून सामान माणसांनी पलीकडे नेण्याची वेळ येते.

## प्रवासाची पद्धत

निदऱ्यांमधील पदभ्रमणासाठी मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे काळ अनुकूल मानले जातात. शेळ्यांचा वेग साधारणपणे माणसाच्या चालीइतकाच असतो. उन्हाच्या दिवसांत पहाटे निघून दुपारी कड्याच्या सावलीत थांबणे व संध्याकाळी पुन्हा चालणे असा क्रम ठेवला जातो. तोंड उघडून धापा टाकणे, मागे रेंगाळणे किंवा वाटेत बसकण मारणे ही शेळीला उष्णतेचा त्रास होत असल्याची लक्षणे असतात. ती दिसताच ओझे उतरवून सावली व पाणी दिले जाते.

जुलै ते सप्टेंबर या काळात मॉन्सूनी वादळांमुळे अचानक पूर येतात. पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडलेला असतो आणि निरभ्र आकाशाखालील कोरड्या घळईत काही मिनिटांत पाण्याची भिंत येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातील अँटिलोप निदरीत अशाच पुरात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला होता. लादलेल्या शेळ्यांचा जथा अरुंद जागेतून चटकन बाहेर काढणे कठीण असल्याने पावसाची शक्यता असताना अशा घळई टाळल्या जातात व मुक्कामही पुराच्या पातळीच्या वर केला जातो.

रात्री शेळ्या मोकळ्या सोडल्या जात नाहीत. दोन झाडांमध्ये उंचावर ताणलेल्या दोराला प्रत्येक शेळीचे दावे वेगळे बांधले जाते, जेणेकरून ती उठू-बसू शकेल पण भटकू शकणार नाही किंवा दोरात अडकणार नाही. प्यूमा व कायोटी हे या भागातील नैसर्गिक शत्रू आहेत. तथापि मोकाट किंवा इतर पदभ्रमंतांसोबतच्या कुत्र्यांचा धोकाही मोठा समजला जातो. गळ्यातल्या घंटांमुळे अंधारात जथ्याची हालचाल लक्षात येते.

## आरोग्य

खच्ची बोकडांमध्ये मूत्रखडा हा गंभीर व वारंवार आढळणारा आजार आहे. धान्याच्या जास्त खुराकामुळे आहारात फॉस्फरस वाढला की मूत्रमार्गात खडे तयार होतात. फार लहान वयात खच्ची केलेल्या बोकडाचा मूत्रमार्ग अरुंद राहत असल्याने लघवी तुंबते आणि वेळेत उपचार न झाल्यास जनावर दगावते. म्हणून पालक खच्चीकरण काही महिने लांबवतात, धान्य कमी देतात आणि कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण दोनास एक ठेवतात. पुरेसे पाणी पिणे हाही यावरचा प्रतिबंधक उपाय आहे. त्यामुळे वाळवंटातील पाण्याच्या टंचाईला दुहेरी महत्त्व येते.

निदऱ्यांमध्ये विषारी वनस्पतीही आढळतात. लोकोवीड, मिल्कवीड, हॅलोजेटन आणि धोतऱ्याच्या प्रजाती त्यांपैकी काही होत. मिल्कवीड ही आपल्याकडील रुईच्या कुळातील आहे. पोट भरलेली शेळी अशा वनस्पतींचा एखादा घास घेऊन पुढे जाते, परंतु उपाशी किंवा एका जागी बांधलेली शेळी समोर असेल ते खाते. त्यामुळे बांधण्याची जागा निवडताना आसपासची झुडपे तपासली जातात. खूर नियमित छाटणे, जंतांवर उपचार करणे आणि संसर्गजन्य रोगांसाठी रक्ततपासणी करणे हा पालनाचा नेहमीचा भाग आहे.

## बिगहॉर्न मेंढ्या आणि रोगप्रसाराचा प्रश्न

### वाळवंटी बिगहॉर्न

वाळवंटी बिगहॉर्न ही बिगहॉर्न मेंढीची शुष्क प्रदेशातील उपप्रजाती आहे. पठारावरील प्राचीन खडकचित्रांत वळणदार शिंगांच्या या मेंढीचे चित्रण वारंवार आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिकार, चराईची स्पर्धा आणि पाळीव मेंढ्यांकडून आलेले रोग यांमुळे पश्चिम अमेरिकेतील बिगहॉर्नची संख्या झपाट्याने घटली. १९६४ मध्ये युटातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा तेथे सुमारे १०० बिगहॉर्न शिल्लक असल्याचा अंदाज होता. पुढे या उद्यानातील मेंढ्या पकडून इतर निदऱ्यांत सोडण्यात आल्या आणि नवे कळप उभे राहिले. या कळपांतील प्राणी थोडे असल्याने एका साथीतही कळप नष्ट होण्याची भीती असते.

### रोग

बिगहॉर्नला सर्वाधिक धोका न्यूमोनियाचा आहे. मायकोप्लाझ्मा ओव्हिन्युमोनी हा जीवाणू श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांचे काम बिघडवतो. त्यामुळे एरवी बाहेर फेकले जाणारे इतर जीवाणू फुप्फुसांत शिरतात आणि प्राणघातक न्यूमोनिया होतो. पाळीव मेंढ्या व शेळ्या हा जीवाणू बाळगूनही सहसा निरोगी दिसतात. बिगहॉर्नमध्ये मात्र पहिल्या साथीत सर्व वयांचे प्राणी मरू शकतात. वाचलेल्यांपैकी काही माद्या रोगवाहक राहतात आणि त्यांच्या संसर्गाने पुढील कित्येक वर्षे कोकरे दगावत राहतात. म्हणून एका साथीचा परिणाम कळपावर दीर्घकाळ टिकतो. जंगली कळपांसाठी परिणामकारक लस उपलब्ध नाही.

### शेळ्यांचा वाटा

बंदिस्त प्रयोगांत पाळीव मेंढ्यांसोबत ठेवलेल्या बिगहॉर्नपैकी बहुतेक मरण पावल्या. शेळ्यांच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा जीवाणू असलेल्या शेळ्यांसोबत बिगहॉर्न ठेवण्यात आल्या. जीवाणू त्यांच्यात संक्रमित झाला व त्यांना न्यूमोनियाही झाला, पण तो प्राणघातक नव्हता. मेंढ्यांमधील आणि शेळ्यांमधील या जीवाणूचे प्रकार वेगळे असल्याचेही आढळले आहे.

तथापि शेळ्यांपासून होणारा धोका न्यूमोनियापुरता मर्यादित नाही. २००३-०४ मध्ये अ‍ॅरिझोनातील सिल्व्हर बेल पर्वतात पाळीव शेळ्यांशी संपर्क आल्यानंतर वाळवंटी बिगहॉर्नमध्ये डोळ्यांची संसर्गजन्य साथ आणि तोंडाभोवती फोड येणारा विषाणूजन्य रोग पसरला. डोळ्यांच्या साथीत अनेक मेंढ्यांना तात्पुरते अंधत्व आले. कड्यांवर राहणाऱ्या आणि नजरेच्या बळावर शत्रूपासून बचाव करणाऱ्या प्राण्यासाठी असे अंधत्व मृत्यूचे कारण ठरू शकते. या घटनेतील शेळ्या मोठ्या कळपातील होत्या, भारवाहू नव्हत्या. परंतु शेळी व बिगहॉर्न यांच्यातील संपर्क किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

### दोन बाजू

वन्यजीव व्यवस्थापकांच्या मते एखादी शेळी हरवून बिगहॉर्नच्या कळपात मिसळण्याची शक्यता कमी असली तरी तसे झाल्यास होणारे नुकसान भरून निघणारे नसते. म्हणून दोन्ही प्राणी पूर्णतः वेगळे ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे. माजाच्या हंगामात बिगहॉर्न नर लांबवर भटकतात आणि कुतूहलाने शेळ्यांजवळ येऊ शकतात, याकडेही ते लक्ष वेधतात.

शेळीपालकांचे म्हणणे असे की हजारो मेंढ्यांचा चरणारा कळप आणि माणसाच्या सतत नजरेखाली असलेल्या चार-सहा शेळ्या यांना एकच नियम लावणे योग्य नाही. भारवाहू शेळी माणसाला चिकटून राहते, रात्री बांधलेली असते आणि तिची आधी तपासणी करता येते. नाकातील स्रावाची तपासणी करून जीवाणूमुक्त ठरलेल्या शेळ्यांना परवानगी द्यावी, अशी त्यांची मागणी आहे. यावर व्यवस्थापकांचा आक्षेप असा की जीवाणू प्रत्येक वेळी स्रावात सापडतोच असे नाही. म्हणून ठरावीक अंतराने अनेक तपासण्या कराव्या लागतात, शिवाय तपासणीनंतरही नवा संसर्ग होऊ शकतो.

## नियम

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावलीत 'भारवाहू प्राणी' या संज्ञेत घोडा, गाढव व खेचर यांचा थेट समावेश आहे. इतर खुरी प्राण्यांना उद्यानाच्या अधीक्षकाने तसे घोषित केले तरच भारवाहू म्हणून नेता येते. त्यामुळे एखाद्या उद्यानात घोड्यांना परवानगी असली तरी शेळ्यांना ती असेलच असे नाही.

उद्यानांबाहेरील बऱ्याच निदऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय यंत्रणेच्या ताब्यात आहेत. जंगली मेंढ्यांच्या रक्षणासाठी पाळीव मेंढ्या व शेळ्यांचे व्यवस्थापन कसे करावे, याविषयी तिने २०१६ मध्ये मार्गदर्शिका जारी केली. प्रत्यक्ष निर्बंध स्थानिक आराखड्यांनुसार ठरतात. कोठे पूर्ण बंदी असते, कोठे परवाना व तपासणीची अट असते, तर बिगहॉर्न नसलेल्या भागांत मोकळीक असते. राष्ट्रीय वनांमध्येही अशीच भिन्नता आहे. वायोमिंगमधील शोशोनी राष्ट्रीय वनात बिगहॉर्नच्या मुख्य अधिवासात शेळ्या नेण्यास मनाई झाल्यावर हा वाद न्यायालयापर्यंत गेला.

परवानगी असलेल्या ठिकाणी सर्वसाधारणपणे पाळल्या जाणाऱ्या दक्षता पुढीलप्रमाणे आहेत:

* प्रवासापूर्वी शेळ्यांची तपासणी करणे व आजारी शेळी घरी ठेवणे
* एका माणसामागे शेळ्यांची संख्या मर्यादित ठेवणे
* प्रत्येक शेळीच्या गळ्यात ओळखपट्टी व घंटा बांधणे
* रात्री सर्व शेळ्या बांधून ठेवणे
* बिगहॉर्न दिसल्यास शेळ्यांना दोर लावून मागे फिरणे
* शेळी हरवल्यास स्थानिक वन्यजीव विभागाला तत्काळ कळवणे

## पर्यावरणीय परिणाम

घोडा किंवा खेचर यांच्या तुलनेत शेळीचे वजन कमी असल्याने वाटांची झीज कमी होते आणि तिच्या लेंड्या हरणाच्या लेंड्यांसारख्या लहान असतात. मात्र या प्रदेशातील जमीन विशेष नाजूक आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळे व दगडफूल यांनी बनलेला काळसर खडबडीत थर वाळूला धरून ठेवतो, ओलावा टिकवतो आणि जमिनीत नायट्रोजन स्थिर करतो. हा थर एका पावलाने मोडतो आणि पुन्हा तयार होण्यास अनेक दशके लागू शकतात. म्हणून माणसांनी व शेळ्यांनी उघडा खडक, कोरड्या ओढ्याचा वाळूचा तळ किंवा रुळलेली वाट यांवरूनच चालावे, असा संकेत आहे.

खडकातील खळगे हे बेडूक, सूक्ष्म कवचधारी जीव आणि वन्य प्राणी यांचे पाणवठे असतात. शेळ्यांना त्यांत उतरू न देता पाणी बादलीत काढून पाजले जाते व मुक्काम पाण्यापासून किमान ६० मीटर दूर केला जातो. निदऱ्यांच्या कपारींत प्राचीन प्युब्लो लोकांची दगडमातीची घरे व धान्याची कोठारे टिकून आहेत. उंच कट्ट्यांवर चढून सावलीत बसण्याची शेळीची आवड अशा अवशेषांना घातक ठरू शकते. त्यामुळे या स्थळांजवळ शेळ्या दोराला बांधून दूर थांबवल्या जातात.

## हेही पाहा

* कोलोरॅडो पठार
* बिगहॉर्न मेंढी
* शेळीपालन
* निदरी
* पदभ्रमण